लाकूड, लगदा, कागद : तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात कागदाबद्दल काहीही विचारा असं म्हटलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नाही. सारखे होते ते एकत्र केलेत, काही थोडे छाटलेत. एक आधीच सांगून ठेवते, कागद पिवळा का पडतो, मिलचा वास का येतो, जुन्या वहीचे तुकडे का पडतात, हे प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी बहुतेक सगळे फिरून लाकडातल्या एकाच पदार्थापाशी येतात, त्याचं नाव लिग्निन. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम लांब दिलंय, ते नीट वाचा, पुढचं सोपं जाईल.

प्रश्न : ताई, कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो हे शाळेपासून ऐकतोय म्हणून मुलीबरोबर घरी करून बघायचं ठरवलं. सुताराकडून भुसा आणला, रात्रभर भिजवला, मिक्सरमधून काढला, जाळीवर पसरून वाळवला आणि उचलायला गेलो तर हातात सगळा भुगा. नंतर त्यात रद्दी पेपर भिजवून घातला तेव्हा कुठे जरा धरलं. भुसा पण लाकूडच ना, मग चुकलं कुठे?

उत्तर : तुमच्या या फसलेल्या प्रयोगात अख्खा विषय आलाय म्हणून हाच प्रश्न पहिला घेतला. लाकूड म्हणजे बारीक, लांबट, आतून पोकळ अशा तंतूंचा गठ्ठा. स्प्रूस-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचा तंतू साधारण 3 मिलिमीटर लांब असतो, निलगिरीसारख्या रुंद पानांच्या झाडांचा 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी. तंतूच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या, आणि दोन तंतूंच्या मधे, शिवाय भिंतींच्या आतही, लिग्निन भरलेलं असतं. कोरड्या लाकडात वजनाने साधारण 40 ते 50 टक्के सेल्युलोज आणि 20 ते 30 टक्के लिग्निन, उरलेलं बरंचसं हेमिसेल्युलोज आणि थोडी राळ वगैरे. झाड इतकं उंच ताठ उभं राहतं ते लिग्निनमुळे, पण कागद करणाऱ्याला नेमकं तेच आडवं येतं.

करवत काय करते तर तंतू आडवे-तिडवे कापते, आणि भुशाचा एकेक कण म्हणजे तुटक्या तंतूंची लिग्निनने घट्ट धरलेली गाठ असते. रात्रभर पाण्यात ठेवा नाहीतर आठवडाभर ठेवा, लिग्निन पाण्याने सुटत नाही. आणि कागद होण्यासाठी तंतू एकेक सुटा लागतो.

का लागतो ते सांगते. साध्या कागदात तंतूंना धरून ठेवणारा मुख्य बंध गोंदाचा नसतोच. सेल्युलोजच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात, त्यांना पाणी फार आवडतं. ओला लगदा जाळीवर पसरला की तंतूंच्या मधे पाणी असतं, ते जसजसं निघून जातं तसतसं ते तंतूंना जवळ ओढतं, ओले केस कसे आपोआप एकमेकांना चिकटून बटा होतात तसं, आणि पुरेसे जवळ आले की शेजारच्या तंतूंमधे हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध अगदी कमजोर पण असतात अगणित, म्हणून कागद ओढून तुटत नाही आणि पाण्यात टाकला की मात्र परत सुटा होतो. लिग्निनला पाण्याचं असं प्रेम नाही, ते मधे असेल तर तंतू ताठ राहतात, एकमेकांवर नीट बसत नाहीत. तुम्ही रद्दी घातल्यावर धरलं कारण रद्दीतले तंतू आधीच कोणीतरी सुटे करून ठेवलेले होते.

मिलमधे हे सुटं करणं दोन तऱ्हांनी होतं. एक म्हणजे ओंडका फिरत्या दगडावर पाणी सोडत दाबून धरायचा किंवा लाकडाचे चिप्स दोन खाचा असलेल्या चकत्यांमधून भरडायचे, याला मेकॅनिकल लगदा म्हणतात. लाकडाचं जवळजवळ सगळं, 90 ते 95 टक्के, लगद्यात उतरतं पण लिग्निन सगळं आतच राहतं. दुसरी तऱ्हा शिजवण्याची. दोन-तीन सेंटीमीटरचे चिप्स डायजेस्टर नावाच्या उंच बंद टाकीत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात साधारण 170 डिग्रीला काही तास शिजवायचे, लिग्निन विरघळून निघून जातं, तंतू पूर्ण लांबीचे मऊ होऊन बाहेर येतात, हा क्राफ्ट लगदा. यात निम्म्याहून कमीच माल हाताला लागतो. मग रिफायनर, तिथे तंतूंची साल घासून घासून त्यावर बारीक लव उभी करतात म्हणजे एकमेकांत गुंतायला जागा वाढते. आणि शेवटी मशीन, तिथे जो लगदा जाळीवर सोडतात त्यात जवळपास 99 टक्के पाणीच असतं! पेपर मशीन म्हणून जे काही शंभर-शंभर मीटर लांब धूड असतं त्याचं मुख्य काम एकच, पाणी काढणं, आधी जाळीतून गाळून मग रोलरखाली दाबून मग गरम सिलिंडरवर वाळवून.

परत कराल तेव्हा भुसा नको, खाकी खोका घ्या, त्यात क्राफ्टचे लांब तंतू बरेच मिळतात. तुकडे रात्रभर भिजवा, मिक्सर थोडाच फिरवा कारण पातं जास्त फिरलं तर तंतू कापले जातात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लगदा भरपूर पाण्यात अगदी पातळ करा. जाळीवर ओतू नका, जाळी पाण्यात बुडवून आडवी वर उचला. नंतर वाळत घालायच्या आधी दोन कापडांमधे ठेवून जोरात दाबा, हा दाब दिला नाही तर तंतू जवळ येत नाहीत आणि परत ठिसूळच होणार.

प्रश्न : वर्तमानपत्र चार दिवस उन्हात राहिलं की पिवळं पडतं पण वहीचं पान नाही पडत. स्वस्त कागद म्हणून का?

उत्तर : लिग्निन म्हणून. न्यूजप्रिंटमधे, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदात, पारंपरिकपणे मेकॅनिकल लगदा जास्त असतो, त्यात लिग्निन तसंच राहिलेलं असतं, उजेड आणि हवा मिळाली की ते बदलतं आणि पिवळी-तपकिरी रंगाची संयुगं तयार होतात. वहीचा कागद बहुतेक शिजवलेल्या लगद्याचा, त्यात लिग्निन नावालाच उरलेलं असतं. स्वतः बघायचं तर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून खिडकीत कडक उन्हात ठेवा, काही दिवसांनी पुठ्ठा उचला, झाकलेल्या जागेची कड स्पष्ट उमटलेली दिसेल. शाळेच्या लॅबमधे फ्लोरोग्लुसिनॉल नावाचं रसायन असेल तर सरांच्या देखरेखीखाली ते ॲसिडमधे घालून एक थेंब न्यूजप्रिंटवर टाकून बघा, लिग्निन असेल तिथे लाल-गुलाबी डाग येतो, चांगल्या वहीच्या पानावर येत नाही.

पण न्यूजप्रिंटला हलका माल समजू नका, हे मला मनापासून सांगायचंय. त्यातल्या तुटक्या बारीक तंतूंमुळे उजेड चांगला विखुरतो, म्हणून इतका पातळ कागद असून मागचं छापलेलं पुढे फारसं दिसत नाही, शाई पटकन शोषली जाते, आणि तेवढ्याच लाकडातून जवळजवळ दुप्पट लगदा निघतो. जी गोष्ट सकाळी वाचून संध्याकाळी रद्दीत जाणार आहे तिच्यासाठी निम्मं लाकूड विरघळवून टाकणं हा खरा अपव्यय झाला असता.

प्रश्न : लाकडापासून कागद करायचं पहिल्यांदा सुचलं कोणाला? चीनमधे शोध लागला एवढंच पुस्तकात आहे.

उत्तर : चीनमधे इसवी सन 105 च्या सुमारास त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने जी पद्धत मांडली तिच्यात तुतीच्या जातीच्या झाडाची साल, ताग-अंबाडीसारखे धागे, चिंध्या, जुनी मासेमारीची जाळी हे सगळं होतं. साल होती, पण लाकूड नव्हतं. नंतर युरोपात तर शेकडो वर्षं कागद म्हणजे चिंध्यांचाच, लिननच्या आणि कॉटनच्या. म्हणजे जुने कपडे गोळा झाले तेवढाच कागद.

1719 मधे रेओम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलं की गांधीलमाशा बघा, त्या लाकूड कुरतडून चावून कागदासारखं घरटं करतात, म्हणजे चिंध्यांशिवाय जमायला हवं. गांधीलमाशीचं रिकामं पोळं कधी सापडलं तर कवच हातात घेऊन बघा, करडे पट्टे दिसतात, एकेक पट्टा म्हणजे माशीने एका खेपेला आणलेला लगदा. रेओम्युरने स्वतः मात्र काही कागद केला नाही. पुढे जर्मनीत शेफर नावाच्या पाद्र्याने 1765 पासून गांधीलमाशांची पोळी, शेवाळ, लाकूड, गवत असं जे मिळेल त्याचे नमुने करून दाखवले. पण खरी निकड आली ती यंत्रामुळे. 1799 मधे लुई-निकोला रोबेर याने फ्रान्समधे अखंड कागद करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, पुढे इंग्लंडमधे फोर्ड्रिनियर बंधूंच्या पैशावर ते यंत्र सुधारलं, आणि मग कागद इतका भराभर निघायला लागला की चिंध्याच पुरेनात.

1840 च्या दशकात दोन माणसं एकमेकांची काही माहिती नसताना एकाच ठिकाणी पोचली. जर्मनीतल्या सॅक्सनीत केलर नावाच्या विणकराने लाकूड ओल्या दगडावर घासून लगदा केला, आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात चार्ल्स फेनर्टी या तरुणाने स्प्रूसच्या लाकडाचा कागद करून 26 ऑक्टोबर 1844 ला हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्राकडे नमुन्यासकट पत्र पाठवलं. फेनर्टीच्या पत्राचं पुढे काही झालं नाही. केलरने आपले हक्क फोल्टर नावाच्या कागद व्यावसायिकाला विकले आणि ती यंत्रं जगभर गेली, केलरला त्यातलं फार थोडं मिळालं, मला या दोघांबद्दल नेहमी वाईट वाटतं. शिजवण्याच्या पद्धती नंतर आल्या, 1850 च्या दशकात सोड्याची, मग 1860-70 च्या दशकांत सल्फाइटची, आणि 1879 मधे कार्ल डाल याने डान्झिगमधे क्राफ्ट पद्धत काढली जी आज सगळ्यात जास्त चालते.

प्रश्न : माझ्या आजोबांची डायरी आहे, साधारण 1940 च्या आसपासची, पानं तपकिरी झालीत आणि उलटायला गेलं की कोपरा तुटून हातात येतो. पण संग्रहालयात चारशे वर्षांपूर्वीची पुस्तकं बघितली ती अगदी मऊ, पांढरी. लॅमिनेशन करून घ्यावं म्हणते, करू ना?

उत्तर : लॅमिनेशन अजिबात करू नका, प्लीज. गरम रोलरखाली ठिसूळ पान जातं आणि प्लॅस्टिक एकदा बसलं की परत निघत नाही, आणि आतला बिघाड काही थांबत नाही, तो प्लॅस्टिकच्या आत चालूच राहतो.

होतंय काय ते समजून घ्या. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. ॲसिड आणि हवेतला दमटपणा मिळून ही साखळी मधे मधे तोडतात, साखळ्या आखूड झाल्या की तंतू ठिसूळ, आणि घडी घातली की मोडतो. हे ॲसिड आलं कुठून, तर बरंचसं कागद करतानाच घातलं गेलं. शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ लागते, पूर्वी ती जिलेटिनची असायची. 1807 मधे मोरित्स इलिग या जर्मन माणसाने राळेची खळ लगद्यातच मिसळायची पद्धत छापली, ती तंतूला धरून बसावी म्हणून ॲल्युमिनियमचं क्षार, तुरटीच्याच कुळातलं, घालायचे आणि ते आम्लधर्मी. पद्धत स्वस्त आणि सोपी, म्हणून शे-दीडशे वर्षं जगभर तीच चालली. त्यात मेकॅनिकल लगदा असेल तर लिग्निन बदलताना आणखी ॲसिड सुटतं. तुम्ही पाहिलेली चारशे वर्षांपूर्वीची पुस्तकं चिंध्यांच्या कागदावरची, लिग्निन नाही, आम्ल जवळपास नाही, तंतू लांब. म्हणजे जुनी पुस्तकं टिकली आणि त्यांच्यानंतर तीनशे वर्षांनी छापलेली आधी मोडायला लागली.

आता काय करायचं. आधी प्रत्येक पान स्कॅन करा किंवा नीट उजेडात फोटो काढा, पान सपाट करायला दाबू नका, जितकं उघडतं तितकंच उघडा. टाचण्या-स्टेपल असतील तर अलगद काढा, गंज कागद खातो. सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात झिरपतो. डायरीत वर्तमानपत्राची कात्रणं ठेवलेली असतील तर ती वेगळी करा, त्यांचं ॲसिड शेजारच्या पानात उतरतं, कात्रणाच्या आकाराचा तपकिरी ठसा कदाचित तुम्हाला दिसेलही. मग ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात किंवा डब्यात, अंधारात, कोरड्या आणि शक्य तेवढ्या गार जागी. माळ्यावर नको, भिंतीला लागून नको. कागदातलं ॲसिड मारायची प्रक्रिया असते, ती कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यायची, पण त्याने पुढचं नुकसान मंदावतं, गेलेली ताकद परत येत नाही हे मनात धरून ठेवा.

आज स्वतः काही लिहून ठेवणार असाल तर ॲसिड-फ्री कागद बघून घ्या, टिकाऊ कागदासाठी आयएसओ 9706 हे मानक आहे, त्यात लिग्निन अगदी कमी आणि कॅल्शियम कार्बोनेटसारखा ॲसिड मारणारा साठा कागदातच असावा अशी अट आहे.

प्रश्न : मी सहावीत आहे. एका झाडापासून किती कागद होतात?

उत्तर : झाड केवढं, किती ओलं, आणि कुठला लगदा करायचा त्यावर आहे बाळा, म्हणून झाडाऐवजी आपण 100 किलो ताजं सोललेलं लाकूड घेऊ आणि तूच गणित कर. ताज्या लाकडात साधारण निम्मं पाणी असतं, म्हणजे कोरडं राहिलं 50 किलो. ते शिजवून, पांढरं करून 45 टक्के हातात आलं असं धर, 22.5 किलो तंतू. आता एका कागदाचं वजन काढू. ए-झिरो आकाराचा कागद बरोबर 1 चौरस मीटरचा असतो आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. पाकिटावर 80 जीएसएम लिहिलेलं असतं म्हणजे 1 चौरस मीटरला 80 ग्रॅम, त्याचा सोळावा भाग 5 ग्रॅम. 22,500 भागिले 5, म्हणजे 4,500 कागद, पाचशेची 9 पाकिटं. खरं तर थोडे जास्तच होतील कारण छपाईच्या कागदात बारीक चुनखडीची पूड पण मिसळलेली असते, बऱ्याच कागदांत वजनाचा पाचवा भागसुद्धा. आता हेच गणित भरडलेल्या लगद्यासाठी 95 टक्के धरून कर आणि उत्तर कितीपट येतं ते बघ.

प्रश्न : पेपर मिलजवळून जाताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो विषारी असतो का?

उत्तर : क्राफ्ट मिल असणार. शिजवताना सोडियम सल्फाइड का घालतात तर त्याने लिग्निन लवकर सुटतं आणि सेल्युलोजला धक्का कमी बसतो, म्हणून तर हा लगदा सगळ्यात मजबूत. पण त्यातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे वायू होतात आणि नाकाला ते हवेच्या अब्ज भागांत काही भाग असले तरी कळतात, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या खूप आधी वास येतो. नुसता वास आला म्हणजे विषबाधा नाही. पण जवळ राहणाऱ्यांना रोज त्रास होत असेल तर तो ऐकून घेतलाच पाहिजे, हे वायू गोळा करून जाळायची यंत्रणा असते आणि चांगल्या मिल ती लावतात. खरा धोका आत काम करणाऱ्यांना आहे, बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड खूप साठला तर नाक बधिर होतं, वास येणं बंद होतं आणि माणसाला वाटतं की वायू गेला. यात जीव जातात. तपासणीशिवाय कोणालाही टाकीत उतरवू नये.

शिजवून उरलेलं काळं पाणी, ज्यात सगळं विरघळलेलं लिग्निन असतं, त्याला ब्लॅक लिकर म्हणतात. ते आटवून घट्ट करतात आणि बॉयलरमधे जाळतात, त्यातून वाफ आणि वीज मिळते आणि खाली वितळलेली रसायनं जमतात ती चुन्याची प्रक्रिया करून परत शिजवायला वापरतात. 1930 च्या दशकात टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने हा बॉयलर नीट जमवला तेव्हापासून क्राफ्टने बाकी पद्धतींना मागे टाकलं. आधुनिक लगदा मिल आपल्या गरजेची ऊर्जा बरीचशी, कधी कधी सगळी, अशीच काढते.

प्रश्न : पांढराशुभ्र कागद म्हणजे केमिकलवाला आणि खाकी म्हणजे नैसर्गिक, बरोबर?

उत्तर : अर्धं बरोबर. खाकी कागदसुद्धा रसायनात शिजवलेलाच असतो, फक्त त्यातलं उरलेलं गडद लिग्निन काढलेलं नसतं. ते काढायला पूर्वी क्लोरीन वायू वापरायचे आणि 1980 च्या दशकात लक्षात आलं की त्यातून डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक द्रव्यं सांडपाण्यात जातायत. त्यानंतर मिल क्लोरीन डायॉक्साइड, ऑक्सिजन, हायड्रोजन पेरॉक्साइड, ओझोन यांच्याकडे वळल्या, फरक खूप पडला. तरीही माझं मत विचाराल तर वहीच्या कागदाला डोळे दिपतील इतकं पांढरं असायची काहीच गरज नाही. आणि तो निळसर झगझगीतपणा बऱ्याचदा ब्लीचिंगचा नसतोच, वरून घातलेल्या चमक आणणाऱ्या द्रव्याचा असतो, नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरा, निळा उजळतो.

प्रश्न : टॉयलेट पेपर पाण्यात लगेच विरघळतो, किचन टॉवेल का नाही?

उत्तर : टॉवेलमधे ओल्यात ताकद टिकवणारं रेझिन घालतात, ते तंतूंमधे पाण्याने न सुटणारे बंध तयार करतं. टॉयलेट पेपर विरघळत नाही, नुसते तंतू सुटे होतात. बाटलीत पाणी घेऊन दोन्ही वेगवेगळे हलवून बघा, आणि टॉवेल कधी कमोडमधे टाकू नका, पाइप तुंबतो.

प्रश्न : सगळी रद्दी रिसायकल केली तर एकही झाड तोडायला लागणार नाही ना? आणि झाडंच कशाला, बांबू किंवा उसाचं चिपाड का नाही वापरत?

उत्तर : रद्दीचा लगदा करताना त्यात हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि फेस काढून टाकतात, बघायला फार सुंदर असतं ते. पण प्रत्येक फेरीत तंतू थोडे तुटतात, आणि एकदा वाळलेला तंतू परत पहिल्यासारखा फुगत नाही, ताठ राहतो, मग बंध कमी. साधारण पाच ते सात फेऱ्या म्हणतात, नंतर तो इतका बारीक होतो की धुण्यात निघून जातो. शिवाय टिश्यू, अर्काइव्हमधली पुस्तकं हे परत येतच नाही. म्हणून कुठेतरी ताजा तंतू लागतोच. तुमच्या हातात आहे ते म्हणजे रद्दी स्वच्छ आणि कोरडी देणं, तेलकट कागद, प्लॅस्टिकचं अस्तर असलेले कप आणि दुकानाच्या मशीनमधून येणारी गुळगुळीत बिलं त्यात नकोत, एवढ्याने मोठा फरक पडतो.

झाडांचं म्हणाल तर बराच लगदा लागवडीच्या झाडांचा आणि सॉ मिलमधे उरलेल्या लाकडाचा असतो. ब्राझीलमधे निलगिरी साधारण सात वर्षांत तोडणीला येते, उत्तर युरोपात स्प्रूसला साठ-ऐंशी वर्षं लागतात. पण एकाच जातीची लागवड म्हणजे जंगल नव्हे, नैसर्गिक जंगल तोडून तिथे लागवड केली असेल तर आकड्यांत झाडं तेवढीच दिसतात आणि त्यातलं बाकी सगळं गेलेलं असतं. हा फरक विचारायची सवय लावून घ्या.

बांबू आणि चिपाड वापरतात की, चांगला कागद होतो. बांबूचा तंतू तर लांबीला मधला, दोन मिलिमीटरच्या आसपास, फार कामाचा. अडचणी वेगळ्या आहेत. चिपाडातला मऊ भुसभुशीत गर आधी काढावा लागतो, पीक हंगामी म्हणून साठवण आली, आणि पेंढा-बांबू यांच्यात सिलिका असते ती ब्लॅक लिकरमधे उतरून बॉयलरच्या नळ्यांवर, चुन्यावर थर धरते, म्हणजे जी रसायनं परत मिळवायची तिथेच गाडं अडतं. त्यावर उपाय आहेत पण खर्च वाढतो.

प्रश्न : व्हिस्कोसचा कपडा लाकडाचा असतो म्हणे?

उत्तर : हो. त्यासाठी लगदा जास्त शुद्ध लागतो, जवळपास नुसतं सेल्युलोज. तो रसायनात विरघळवून बारीक छिद्रांतून ॲसिडमधे सोडला की धागा होतो, 1892 मधे इंग्लंडमधे याचं पेटंट घेतलं गेलं. यात कार्बन डायसल्फाइड वापरतात आणि ते कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे, म्हणून लायोसेल नावाची नवी पद्धत मला जास्त पटते, तिच्यात ते नाही आणि द्रावक जवळजवळ सगळा परत मिळतो.

प्रश्न : मी वह्यांना घरी पुठ्ठ्याचं बाइंडिंग करते. कधी कधी वाळल्यावर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो, पानं पण लाटा आल्यासारखी होतात. गोंद बदलून बघितला, वजनाखाली ठेवून बघितलं, कधी जमतं कधी नाही. काय बघू?

उत्तर : गोंदाच्या आधी कागदाची दिशा बघा, इंग्रजीत ग्रेन म्हणतात ती. मशीनवर जाळी सतत पुढे पळत असते, वेगवान मशीनवर मिनिटाला दीड हजार मीटरच्या वर, त्यामुळे बरेचसे तंतू पळण्याच्या दिशेने आडवे होतात आणि तसेच वाळतात. आता तंतू ओला झाला की जाडीला चांगला फुगतो, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणजे गोंदाचं पाणी लागलं की कागद एका दिशेला वाढतो आणि दुसऱ्या दिशेला तसाच राहतो. वाळताना परत आक्रसतो आणि पुठ्ठ्याला घेऊन वाकतो. तुमचं कधी जमतं ते बहुधा दिशा योगायोगाने बरोबर आली म्हणून.

दिशा ओळखायची अशी. वर्तमानपत्र आधी उभं फाडा मग आडवं फाडा, एका बाजूने रेघ सरळ जाते, दुसरीकडे वेडीवाकडी, सरळ फाटतं ती तंतूंची दिशा. चांगला कागद फाडायचा नसेल तर एक चौकोनी तुकडा कापून एकाच बाजूने ओल्या बोटाने पुसा, तो लगेच गुंडाळी होतो, गुंडाळीची नळी ज्या दिशेला लांब ती तंतूंची दिशा. पुठ्ठ्यासाठी तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो तिकडे वाकाची रेघ तंतूंना समांतर असते. तर पानं, पुठ्ठा, अस्तराचा कागद, तिन्हींची दिशा वहीच्या कण्याला समांतर ठेवा, म्हणजे फुगणं जे काय होईल ते मोकळ्या कडेकडे जाईल आणि वही उघडेलही मोकळी. बाहेरून कागद चिकटवला की आतूनही त्याच दिवशी अस्तर चिकटवा, दोन्हीकडून ओढ सारखी बसते. आणि पुठ्ठा विकत घेतानाच त्यावर पेन्सिलीने बाण काढून ठेवा, कापल्यावर तुकड्यांची दिशा शोधत बसावं लागत नाही.